सांधा ऐकू येता कामा नये : हायब्रिड इन-इअरवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की महिनाभर वेगवेगळे भारीतले हायब्रिड इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, ऐकून माझं एक मत पक्कं झालं, ह्या प्रकारात बेस किती नि ट्रेबल किती यापेक्षा दोन्ही जिथे जोडले जातात तो सांधा कसा बसलाय त्यावर सगळं ठरतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना पटलं, काहींना नाही पटलं, आणि काहींनी असं काही विचारलं की मला सेट परत कानात घालून बसावं लागलं. ज्यांना हायब्रिड हा शब्दच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, इअरफोनमधला आवाज काढणारा भाग म्हणजे ड्रायव्हर; खालच्या सुरांसाठी स्पीकरसारखा पडदा असलेला डायनॅमिक ड्रायव्हर आणि मधल्या-वरच्या सुरांसाठी बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे चुंबकांच्या मधोमध थरथरणारी एक बारीक धातूची पट्टी, जी एका काडीने इवलासा पडदा हलवते. हे आर्मेचर इन-इअरमध्ये आलं ते श्रवणयंत्रातून. दोन्ही एकाच कवचात घातले की झाला हायब्रिड.

प्रश्न : ताई, नवीन हायब्रिड घेऊन आठ दिवस झाले. बेस मस्त, वरचं सगळं चकचकीत, तरी गाणं एकसंध वाटत नाहीये. गायिका वर गेली की आवाज जणू दुसऱ्याच जागेवरून येतो. माझ्या कानात दोष आहे की सेटमध्ये?

उत्तर : तुमच्या कानात दोष नाही, उलट तुम्ही नेमकं तेच पकडलंय जे लोकांना महिनोन्महिने कळत नाही. होतं काय बघा. गायिकेचा सा हार्मोनियमच्या काळी पाचला असेल तर मध्य सप्तकातला सा साधारण 233 हर्ट्झ आणि तार सा त्याच्या दुप्पट, 466. आता तुमच्या सेटमध्ये डायनॅमिककडून आर्मेचरकडे जायची जागा, म्हणजे क्रॉसओव्हर, समजा ह्या दोन्हींच्या मधेच कुठेतरी आहे. मग एकच बाई एकाच तानेत वर जाते तेव्हा तिच्या आवाजाचा मूळ सूर एका ड्रायव्हरच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो. तो हात बदलताना दोघांची फेज, म्हणजे लाटांची चाल, जुळली नसेल, किंवा एकाचा आवाज विरायला वेळ लागतो आणि दुसरा पटकन थांबतो असं असेल, तर मेंदूला ते दोन वेगळे आवाज वाटतात आणि म्हणून गायिका जागा बदलल्यासारखी वाटते.

मी ह्यासाठी गाणं लावतच नाही, नुसता तानपुरा लावते. काळी एकला मिळवलेला पुरुषी तानपुरा घेतला तर खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला वाजते, ते काम डायनॅमिकचं, आणि त्याच तारेतून जवारीचे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणझणीचे, जे पुष्कळ बारीक सूर उमलतात ते पार काही हजार हर्ट्झपर्यंत जातात, ते काम आर्मेचरचं. म्हणजे एकाच तारेचा अर्धा आवाज एक ड्रायव्हर देतोय आणि अर्धा दुसरा. सांधा चांगला असेल तर खर्ज छेडल्यावर तो आवाज खालून फुलत फुलत वर येतो आणि कुठेही तुटत नाही, तार आणि तिची जवारी एकाच लाकडातून येतायत हे ऐकू येतं. सांधा वाईट असेल तर खाली एक गुंजन राहतं आणि वर एक झणझण राहते, दोघांचा एकमेकांशी संबंध नसल्यासारखी. एका सेटवर मला जवारी चक्क कानाच्या वरच्या बाजूला आणि खर्ज हनुवटीच्या उंचीवर ऐकू आली होती, दोन मिनिटांत मी तो उतरवून ठेवला. त्याच सेटवर ढोल-गिटार असलेलं जोरदार गाणं मात्र भन्नाट वाजत होतं, म्हणून तर तो लोकांना आवडतो.

तुम्ही डोळे मिटून हे करून बघा. तानपुऱ्यावर ठीक वाटलं तर सेट ठीक आहे, मग टिप्स, म्हणजे कानात जाणाऱ्या रबरी किंवा फोमच्या टोप्या, बदलून पुन्हा ऐका, कारण कधी कधी सांध्याचा दोष वाटतो तो निव्वळ कानात नीट न बसल्याचा असतो. त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

प्रश्न : 11 ड्रायव्हरवाला सेट 3 ड्रायव्हरवाल्यापेक्षा चांगला असणारच ना? नाहीतर कंपन्या एवढे कशाला घालतील?

उत्तर : असणारच असं नाही. 2011 साली एकेजीचा के3003 आला होता, सुरुवातीच्या गाजलेल्या हायब्रिडपैकी एक, त्यात फक्त एक डायनॅमिक आणि दोन आर्मेचर. सोनीचा 2018 चा आयईआर-झेड1आर घ्या, त्यातही तीनच, आणि त्याची मांडणी तर गंमतशीर, खाली 12 मिलिमीटरचा डायनॅमिक, वरच्या सुरांना एक आर्मेचर आणि सगळ्यात वरच्या सुरांना पुन्हा 5 मिलिमीटरचा छोटा डायनॅमिक. म्हणजे सगळ्यात वर आर्मेचरच असलं पाहिजे हा नियमसुद्धा नाही. मला त्याचा बेस फार आवडला, मोठा आहे पण मोठेपणाने पुढे पुढे करत नाही, मृदंग वाजला तर मृदंगाचं पोट ऐकू येतं, आणि वर झांजेचा किनारा विरत जातो तो अगदी शेवटपर्यंत ऐकता येतो. दुसऱ्या टोकाला 2020 चा एम्पायर इअर्सचा ओडिन, त्यात दोन डायनॅमिक, पाच आर्मेचर आणि चार इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विजेच्या भाराने हलणाऱ्या अतिपातळ पडद्याचे ड्रायव्हर, एकूण 11. त्यावर गर्दीची रचना, पन्नास वाद्यांचा ऑर्केस्ट्रा वगैरे, इतकी सुटी सुटी होते की एखादं व्हायोलिन बोटाने दाखवावं असं वाटतं.

दोन्ही आवडले, दोन्हींची कारणं वेगळी. पण ड्रायव्हर वाढले की सांधे वाढतात हे विसरू नका. आणि वरच्या सुरांत हे सांधे फार नाजूक असतात, का ते सांगते. 10 किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत साधारण साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे दोन ड्रायव्हरच्या नळ्यांत पाऊण-एक सेंटीमीटरचा फरक पडला की जवळजवळ पाव लाट मागेपुढे झाली. एवढ्याशा कवचात 11 ड्रायव्हरच्या नळ्या, त्यातले डँपर, कपॅसिटर, सगळं असं बसवायचं की कानाच्या पडद्यापाशी सगळे एकदम पोचले पाहिजेत, हे ज्याला जमतं त्याला मी हात जोडते. ज्याला जमत नाही त्याचे 11 ड्रायव्हर म्हणजे 11 जण आपापलं गातायत. आकडा बघून घेऊ नका एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न : मी तबला शिकते. गुरुजींची रेकॉर्डिंग ऐकून हात बसवायचा असतो. हायब्रिडचा मला खरंच उपयोग आहे का, की नुसता आर्मेचरवाला सेट घेऊ?

उत्तर : तुमच्यासाठी हायब्रिडच, आणि हे मी अगदी खात्रीने सांगते. डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्यावर, घे हा बोल वाजवून मनगट पुढे सरकवलं की जो घिस्सा येतो, सूर खालून वर चढतो, तो आर्मेचरवर ऐकला की नकाशा बघितल्यासारखं वाटतं, कुठून कुठे गेला ते अगदी स्वच्छ कळतं पण घुमारा अंगाला लागत नाही. चांगल्या डायनॅमिकवर तोच घिस्सा ऐकला तर चामड्यावरचा मनगटाचा दाबसुद्धा कळतो, किती जोर दिला, कधी सोडला. शिकणाऱ्याला हेच तर ऐकायचं असतं.

आणि उजव्या हाताचं काम आर्मेचरचं. तबल्याच्या शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या गोलामुळे, त्याचे वरचे सूर मूळ सुराच्या जवळजवळ पूर्ण पटीत येतात, म्हणून तर तबला सुरात मिळवता येतो, साध्या ढोलाचं तसं होत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1920 सालीच ह्यावर लिहिलं होतं. आता सेटमध्ये वरच्या भागात कुठे एखादं टोक असेल, म्हणजे पाच-सहा हजार हर्ट्झला अचानक आवाज वाढवलेला असेल, तर चाटीवरचा, म्हणजे कडेवरचा, ना पत्र्यासारखा वाजतो, आणि मैदानावरचा, म्हणजे कड आणि शाई यांच्यामधला, तीं मात्र ठीक वाटतो, कारण त्यात तेवढा वरचा भाग नसतो. म्हणून सेट ऐकताना असा तुकडा निवडा ज्यात ना आणि तीं लागोपाठ येतात. दोन्ही एकाच तबल्याचे वाटले पाहिजेत. मग धा ऐका. धा म्हणजे दोन्ही हात एकदम, म्हणजेच दोन्ही ड्रायव्हर एकदम. तो एक बोल म्हणून आला पाहिजे. घे आणि ना असे दोन बोल जवळजवळ आले असं वाटलं तर तो सेट तुमच्या कामाचा नाही, मग बाकी कितीही कौतुक असो.

प्रश्न : मित्राच्या कानात हाच सेट दणदणीत वाजतो म्हणे आणि माझ्या कानात अगदी पातळ, वर स आणि श टोचतात. एकाच सेटचे दोन आवाज कसे?

उत्तर : टिप्स. नव्वद टक्के वेळा टिप्सच. इन-इअरचा बेस म्हणजे कानाच्या नळीतली कोंडलेली हवा, जराशी फट राहिली की ती गेली, आणि बेस गेला की वरचं आपोआप जास्त वाटतं. पण स-श टोचण्यामागे आणखी एक भानगड आहे. नॉझल, म्हणजे सेटचं कानात जाणारं नळीसारखं टोक, आणि कानाचा पडदा यांच्यामधे जी हवेची पोकळी उरते ती स्वतःही एका सुराला घुमते, साधारण आठ हजार हर्ट्झच्या आसपास, आणि सेट किती आत बसलाय त्यावर ती जागा सरकते. वरवर घातला तर ती खाली, सात हजारांकडे येते, जिथे स आणि श चा काटा असतो. थोडा आत गेला की ती वर सरकते आणि स मऊ होतो. म्हणजे एकाच दुखण्याने तुमच्याकडे बेस पण गेला आणि काटा पण वाढला.

माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे, हे मला हायब्रिड ऐकायला लागल्यावर कळलं, त्याआधी कित्येक वर्षं मला वाटायचं की गायक जरा उजवीकडेच उभा असतो. आता डावीकडे एक साइज मोठी टिप लावते आणि गायक मधोमध येतो. तुम्ही पण दोन्हीकडे एकच साइज असली पाहिजे असं धरून बसू नका. एका हाताने कान वर आणि मागे ओढायचा, दुसऱ्या हाताने सेट किंचित फिरवत आत न्यायचा, मग कान सोडायचा. फोमची टिप असेल तर चिमटीत दाबून घाला आणि ती फुलेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. घालताना आत कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका, हवेच्या दाबाने डायनॅमिकचा पडदा वाकतो त्याचा आवाज आहे तो, सावकाश घातलं की येत नाही.

प्रश्न : ग्राफ बघून सेट निवडावा का?

उत्तर : कोणत्या सुराला सेट किती जोरात वाजतो ते दाखवणारी ती रेघ, सुरुवातीला चाळणी म्हणून बघा. तीन हजार हर्ट्झच्या आसपास टेकडी दिसली तर दचकू नका, ती हवीच असते. उघड्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, ती नैसर्गिकरीत्याच त्या भागाला उठाव देते, आणि आपण तिला बूच लावलं की तो उठाव जातो, म्हणून तो सेटला स्वतः द्यावा लागतो. तो नसेल तर गाणारा ब्लँकेटमागून गातोय असं वाटतं. पण आठ-दहा हजारांच्या पुढचा ग्राफ फार मनावर घेऊ नका, तिथे मोजायच्या यंत्राची नळी आणि तुमची नळी यात फरक पडतो. आणि सांधा ग्राफमध्ये दिसेलच असं नाही. रेघ गुळगुळीत असते आणि तानपुरा तुटलेला असतो, मी असे सेट ऐकलेत.

प्रश्न : एका प्लेअरवर माझा हायब्रिड गोड वाजतो आणि दुसऱ्यावर सगळा रंगच बदलतो, शिवाय शांत जागी सतत सूं सूं येतं. प्लेअर बिघडलाय का?

उत्तर : बिघडला नसावा. तुमच्या सेटचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सगळ्या सुरांना सारखा नसतो, हायब्रिडमध्ये तर तो बराच वरखाली होतो. उदाहरण म्हणून धरा की खालच्या सुरांना तो 16 ओम आहे आणि वर एका ठिकाणी 5 पर्यंत उतरतो. प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स 10 ओम असेल तर हिशोबाने त्या दोन जागांमध्ये पाच डेसिबलपेक्षा जास्त फरक पडतो, म्हणजे वरचं एवढं खाली बसतं. तोच आउटपुट इम्पिडन्स 1 ओम असेल तर फरक जेमतेम एक डेसिबल. म्हणून सेटच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांश किंवा त्याहून कमी आउटपुट इम्पिडन्स असलेला प्लेअर किंवा डोंगल, म्हणजे फोनला लावायचा छोटा अँप्लिफायर, घ्या, आणि भागताना सेटचा सगळ्यात खालचा आकडा धरा, डब्यावर छापलेला नको.

सूं सूं चं कारण वेगळं, हे सेट इतके सेन्सिटिव्ह असतात की अँपचा स्वतःचा बारीक आवाज पण ऐकवतात. त्यासाठी काही जण मधे रेझिस्टरवाला अडॅप्टर लावतात, त्याने सूं सूं कमी होतं खरं, पण तो रेझिस्टर म्हणजे वाढलेला आउटपुट इम्पिडन्सच, म्हणजे रंग पुन्हा बदलणार. कमी नॉइज असलेला डोंगल हा खरा उपाय. 

प्रश्न : शंभर तास वाजवल्यावर सेट खुलतो म्हणतात, खरं का?

उत्तर : मला तरी सेट बदलण्यापेक्षा कान सरावतो हेच जास्त खरं वाटतं. सेट डब्यात ठेवून नुसता वाजवत ठेवू नका, ते तास स्वतः ऐकण्यात घालवा. पहिल्या दिवशी सांधा तुटका वाटला आणि दहाव्या दिवशीही तसाच वाटला तर तो तसाच आहे, अकराव्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : रोज चार-पाच तास ऐकतो. अलीकडे सेट काढल्यावर कानात थोडा वेळ शिट्टीसारखं वाजतं. हायब्रिडमुळे असं होतं का?

उत्तर : हायब्रिडमुळे नाही, आवाजामुळे. आणि कृपा करून हे हलकं घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं माप आहे आठवड्याला 40 तास 80 डेसिबल, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10 तास. तुम्ही आठवड्याला तीस-पस्तीस तास ऐकताय, तर 80 च्या वर जायला तुमच्याकडे जागाच नाही. चांगल्या हायब्रिडचा त्रास हाच की तो मोठ्या आवाजातही कर्कश होत नाही, त्यामुळे आपण किती वाढवलाय ते कळत नाही. नीट सील झालेला सेट बाहेरचा आवाज बराच अडवतो, त्याचा फायदा घेऊन व्हॉल्यूम खाली आणा. काही दिवस ऐकणं पूर्ण बंद ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन एकदा तपासणी करून घ्या, ही तपासणी पुढच्या सेटच्या आधी करा.

प्रश्न : डावी बाजू हळूहळू बारीक होत गेलीये. ड्रायव्हर गेला का?

उत्तर : आधी नॉझलची जाळी उजेडात धरून बघा. बहुतेक वेळा कानातला मळ तिथे बसलेला असतो. सेट उलटा, म्हणजे जाळी खाली करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटका, वर धरून झटकलं तर मळ आत जातो. पाणी, स्पिरिट काही लावू नका, फुंकू पण नका, आर्मेचरला ओल अजिबात चालत नाही. जाळी स्वच्छ असेल तर केबल डावी-उजवी अदलाबदल करून ऐका. बारीक आवाज उजवीकडे गेला तर दोष केबलचा किंवा पिनचा, तिथेच राहिला तर सेट दुरुस्तीला.

प्रश्न : दोन हायब्रिडमधून एक निवडायचाय आणि दोन्ही फक्त एका दिवसासाठी हातात मिळणार आहेत. काय ऐकू, किती ऐकू?

उत्तर : पहिलं काम, दोन्हींचा आवाज सारखा करा. जो एखादा डेसिबल जास्त वाजतो तो चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे आणि त्यातून मी पण सुटलेली नाही. 1000 हर्ट्झचा टोन लावून दोन्ही सेट शक्य तितके सारखे करा आणि व्हॉल्यूमचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. मग टिप्स. दोन्हीवर तुम्हाला बसणाऱ्या टिप्स लागल्याशिवाय गाणं लावूच नका, अर्धा तास गेला तरी चालेल.

मग चार-पाच तुकडे, प्रत्येकी दोन मिनिटांचे, पाठ असलेलेच. एक तानपुरा, एक तबला, एक बाईचा आवाज जो खालून वर जातो, एक पुरुषी खर्जाचा, आणि एक अगदी गर्दीचा. एका सेटवर सगळे ऐकून मग दुसरा घालू नका, एक तुकडा दोन्हीवर लागोपाठ ऐका. अर्ध्या-पाऊण तासाने कान शिणतात, तेव्हा थांबा, तास दोन तास काही ऐकू नका. संध्याकाळी हळू आवाजात परत ऐका, कारण हळू आवाजात कानाला बेस कमीच ऐकू येतो आणि दिवसा भारदस्त वाटलेला सेट रात्री रिकामा वाटू शकतो, तुम्ही रात्रीच ऐकणार असाल तर हेच ऐकणं खरं. शेवटचा एक तास काही तपासू नका, जो सेट हाताला येईल तो घालून आवडीचा एखादा पूर्ण राग लावा, आणि मधेच सेट काढून दुसरा घालावासा वाटला तर तो कितव्या मिनिटाला वाटला ते लिहून ठेवा. मग दुसऱ्या सेटवर तोच राग, तसाच.